कारखाना गावाकडे गेला, फिटर चाकणलाच राहिला: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुणे जिल्ह्यातल्या चाकण औद्योगिक वसाहतीतल्या एका लघुउद्योगाचं आहे. ओळख पटू नये म्हणून मालकांचं, कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव काढलं आहे. कारखान्याच्या आतले आकडेही गोल केले आहेत.

इथे दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनतात. हार्नेस म्हणजे हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीच्या अंगात फिरणारा वायरींचा जुडगा. वायर मापाला कापायची, टोकं सोलायची, टोकावर टर्मिनल दाबून बसवायचं. याला क्रिम्पिंग म्हणतात. मग या वायरी एका मोठ्या पाटीवर खुंट्यांच्या आधाराने मांडायच्या, कनेक्टरमध्ये खोचायच्या, टेप गुंडाळायची आणि शेवटी करंट सोडून तपासायच्या. कटिंग आणि क्रिम्पिंग यंत्रावर होतं, पुढचं सगळं हाताने. खर्चात मजुरीचा वाटा मोठा आणि दरवर्षी भाव थोडा कमी करून मागणारा ग्राहक समोर. त्यामुळे 'माणूस कुठे, किती पगारात मिळतो' यावरच या धंद्याचं गणित उभं असतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चाकणच्या खोल्या रिकाम्या झाल्या. कोण कुठे गेलं हे शोधायला मालकांनी एचआरला मस्टर आणि आधारवरचे पत्ते काढायला सांगितले. निम्म्याहून जास्त कामगार लातूर, धाराशिव, बीड आणि नांदेड या चार जिल्ह्यांतले निघाले. ही गोष्ट सगळ्यांना ढोबळमानाने माहीत होती, पण कागदावर पहिल्यांदाच दिसली. तिथूनच कल्पना निघाली: माणसं तिथून इथे येत असतील, तर काम इथून तिथे का जाऊ नये?

मालक स्वतः मूळचे त्याच पट्ट्यातले. हे नोंदवायला हवं, कारण निर्णयात त्याचा मोठा वाटा होता आणि प्रकल्प अहवालात मात्र तो कुठेच दिसत नाही.

प्रश्न काय होता

२०२१ मध्ये ऑर्डरी परतल्या, माणसं पूर्वीसारखी परतली नाहीत. जी आली ती टिकेनात. चाकणला ठेकेदारी कामगार महिनाअखेरीला शेजारच्या गेटवर पाचशे रुपये जास्त मिळाले की निघतो. दोष त्याचा नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही काम सारखंच. पण हार्नेसच्या पाटीवर हात बसायला काही आठवडे लागतात. हात बसला की माणूस गेलेला असायचा, आणि नव्या हाताची चुकलेली जोडणी तपासणीत पकडली जायची, किंवा पकडली जायची नाही.

त्यात ग्राहकाने नव्या मॉडेलचं काम देऊ केलं. त्यासाठी शंभर-सव्वाशे हात आणखी लागणार होते. ते कुठे उभे करायचे, हा प्रश्न होता. मालकांनी तो असा मांडला: 'कुठल्या जिल्ह्यात पगार कमी आहे?' माझ्या मते इथेच वाट थोडी चुकली. पण त्या क्षणी कुठल्याही उद्योजकाने हाच प्रश्न विचारला असता.

आकडे शोधताना

पगार कुठे कमी, हे शोधायला गेल्यावर पहिली अडचण समोर आली. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत कुठल्या उद्योगात किती लोक कामावर आहेत आणि त्यांना सरासरी काय मिळतं, हे दर तिमाहीला सांगणारा तक्ता आपल्याकडे नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्नाचे अंदाज काढतं. त्यावरून दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, हिंगोली खाली, हे कळतं. पण दरडोई उत्पन्न म्हणजे पगार नव्हे. रायगडसारख्या जिल्ह्यात बंदर आणि मोठे रासायनिक कारखाने असले की उत्पन्नाचा आकडा फुगतो, शेजारच्या पाड्यावरच्या माणसाची मजुरी मात्र आहे तिथेच राहते.

केंद्राचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७-१८ पासून चालू आहे, पण त्याची रचना राज्याचं चित्र देण्यासाठी होती. नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरायला सुरुवात झाली ती जानेवारी २०२५ पासून. भविष्य निर्वाह निधीकडे प्रत्येक आस्थापनेचं मासिक विवरण जातं, पण त्यातून जाहीर होतं ते राज्यवार. जनगणना २०११ ची. प्रादेशिक असमतोलावर आपण कमी बोललो असं नाही. १९८० च्या दशकातली दांडेकर समिती, २०१३ मध्ये अहवाल देणारी केळकर समिती, वैधानिक विकास मंडळं, हे सगळं झालं. पण 'अनुशेष' मोजला गेला तो मुख्यतः रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने यांचा. तालुक्यातला फिटर महिन्याला काय घरी नेतो, हे त्या हिशेबात आलंच नाही.

अमेरिकेत हे काम कसं होतं ते इथे सांगण्यासारखं आहे. तिथे बेरोजगारी विम्यासाठी प्रत्येक मालकाला तिमाही विवरण भरावं लागतं. त्यातून तीन हजारांहून जास्त काउंट्यांतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नोकऱ्यांची संख्या आणि आठवड्याचा सरासरी पगार दर तिमाहीला जाहीर होतो. नोकरी मोजली जाते ती कामाच्या जागी, घराच्या पत्त्यावर नव्हे. अर्थात तोही तक्ता डोळे मिटून वाचायचा नसतो. २०१२ च्या शेवटच्या तिमाहीत कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ काउंटीचा आठवड्याचा सरासरी पगार एका वर्षात दुपटीहून वर जाऊन ३,२४० डॉलर झाला. देशाची सरासरी तेव्हा १,००० डॉलर होती. तिथल्या सुताराची किंवा वेटरची मजुरी दुप्पट झालेली नव्हती. फेसबुक त्याच वर्षी शेअर बाजारात आली होती आणि कर्मचाऱ्यांना मिळालेल्या शेअरची किंमत पगार म्हणून मोजली गेली.

आपल्या मालकांकडे एवढंही नव्हतं. मग त्यांनी हाताशी होता तो आकडा घेतला: किमान वेतनाचं परिमंडळ. महाराष्ट्रात बहुतेक अनुसूचित उद्योगांसाठी राज्याचे तीन परिमंडळांत भाग केलेले आहेत. महानगरपालिका आणि त्यांच्या आसपासचा भाग वर, लहान गावं तळाला. चाकण पहिल्या परिमंडळात आणि नियोजित तालुका तिसऱ्यात, म्हणजे मजुरी बरीच वाचणार, असा त्यांचा अंदाज.

प्रत्यक्ष दर लावून पाहिले तेव्हा फरक लहान निघाला. तुलनेसाठी दुकाने व व्यापारी आस्थापनांचे २०१९ चे दर घ्या. पहिल्या आणि तिसऱ्या परिमंडळातल्या मूळ वेतनातला फरक महिन्याला सुमारे १,२०० रुपये आहे. त्यावर जो विशेष भत्ता चढतो, तो दर जानेवारी आणि जुलैमध्ये महागाई निर्देशांकानुसार बदलतो आणि तिन्ही परिमंडळांना सारखाच मिळतो. म्हणजे भत्ता वाढत जातो तसं परिमंडळातलं अंतर टक्क्यांत आपोआप आकसत जातं. चाकण आणि मराठवाड्यातला खरा फरक किमान वेतनात नाहीच. चाकणला गेटवरच्या स्पर्धेमुळे प्रत्यक्ष पगार किमान वेतनाच्या वर गेलेला असतो, आणि तालुक्याच्या गावी किमान वेतन हाच बहुतेकांचा कमाल पगार असतो. एचआरने ही गोष्ट वेळेवर सांगितली होती. मालकांनी त्यातला दुसरा अर्धा भाग तेवढा ऐकला.

समोरचे पर्याय

चार पर्याय टेबलावर होते. चाकणलाच शेजारचा गाळा भाड्याने घ्यायचा, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज किंवा शेंद्र्याला जायचं, हा दुसरा. तिथे १९८० च्या दशकापासून वाहन उद्योग रुजलेला आहे, यंत्राला टूल बसवून माप लावणारा सेटर, फिटर, टूलची दुरुस्ती करणारी टूल रूम, सगळं मिळतं, पण पगार चाकणच्या फार खाली नाही आणि तिथेही गेट बदलणारे आहेतच.

तिसरा पर्याय लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या एमआयडीसीत नवा प्लॉट घेऊन पूर्ण लाइन उभी करण्याचा. राज्याच्या २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांना जास्त सवलती होत्या: राज्य जीएसटीवर आधारित अनुदान, मुद्रांक शुल्कात माफी, वीजदरात सवलत. धाराशिव तर २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीतही आहे.

चौथा पर्याय कोणी गंभीरपणे घेतला नाही. तालुक्यात एखादी शेड भाड्याने घ्यायची, चाकणहून कापलेल्या-क्रिम्प केलेल्या वायरी पाठवायच्या आणि तिथे फक्त जोडणी करून घ्यायची. बँकेच्या माणसाला यात 'प्रकल्प' दिसला नाही. मालकांना हे काम किरकोळ वाटलं. गावात शेड भाड्याने घेतली तर लोक काय म्हणतील, हेही असावं.

पाण्याचा मुद्दा एका बैठकीत निघाला. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे कोणी विसरलेलं नाही. पण हार्नेसला पाणी लागत नाही, पिण्यापुरतं सोडलं तर. हा या उत्पादनाचा मोठा गुण होता आणि म्हणूनच तिसरा पर्याय इतर अनेक उद्योगांपेक्षा यांना जास्त शक्य होता.

निर्णय आणि त्यामागचं गणित

निर्णय तिसऱ्या पर्यायाचा झाला. त्यामागे एक पानभर हिशेब होता आणि तो चांगला होता, म्हणून सविस्तर देतो.

चाकणच्या ऑपरेटरचा पगार ओटी (ओव्हरटाइम) सोडून साधारण १५ हजार. त्यातून खोलीचा वाटा किंवा कॉट, मेस, येणं-जाणं, सणावाराला गावी जायचं भाडं असे सात-साडेसात हजार जातात. पीएफ वगैरे कापून हातात उरतात सहा हजारांच्या आसपास. नव्या तालुक्यात ११ हजार दिले, तर माणूस घरीच राहणार, घरचंच जेवणार. पेट्रोल आणि पीएफची कपात वगळली तरी आठ-साडेआठ हजार उरतात. म्हणजे चार हजार कमी पगार देऊनही कामगार फायद्यात. मालक फायद्यात, कामगार फायद्यात. कोण नाही म्हणेल?

या हिशेबात दोन गोष्टी सुटल्या होत्या. पहिली, ओटी. ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट. चाकणला महिन्यातून काही दिवस 'फुल नाइट' लागली की हातात येणारी रक्कम तीन-चार हजारांनी वाढते, आणि मुलगा चाकणला जातो तो त्या रकमेसाठी. नव्या ठिकाणी एकच पाळी चालणार होती, तिथे ओटी नव्हतीच.

दुसरी गोष्ट हिशेबात मावणारी नव्हती. घरी राहिलं की पगार घरचा होतो. चाकणहून महिन्याला पाच हजार पाठवणारा मुलगा घराला आधार देतो. गावातल्याच कंपनीत जाणाऱ्या मुलाने आठ हजार दिले तरी 'बाकीचे कुठे गेले' हे विचारलं जातं. शिवाय लग्न. या पट्ट्यात मुलगी देताना 'पोरगा पुण्याला कंपनीत आहे' या वाक्याला जे वजन आहे, ते 'इथंच एमआयडीसीत आहे' याला नाही. कामगारांना आधी विचारलं असतं तर हे पाच मिनिटांत कळलं असतं. एचआरने चाकणमध्ये हात वर करायला लावून 'गावाकडे काम मिळालं तर जाल का' असं विचारलं होतं, बहुतेकांनी हात वर केले होते. मालकासमोर कोण खाली ठेवणार?

काय केलं

२०२२ मध्ये शेड उभी राहिली. कटिंग-स्ट्रिपिंगची दोन यंत्रं, क्रिम्पिंगचे प्रेस, जोडणीच्या पाट्या, तपासणीची टेबलं, असा पूर्ण संच बसवला. चाकणमधून दोन अनुभवी माणसं पाठवली, एक यंत्र-देखभालीचा आणि एक टूल सेटर. त्यांना पगाराच्या सुमारे चौथा हिस्सा जादा भत्ता दिला. ग्रामपंचायती, आयटीआय आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून भरतीची जाहिरात गेली.

चाकणहून परतायला तयार झालेले पुरुष बोटांवर मोजण्याइतके निघाले. अर्ज आले ते बायकांचे. वीस ते चाळीस वयाच्या, आसपासच्या दहा-बारा किलोमीटरवरच्या गावांतल्या, बहुतेक विवाहित. काही जणींचा अनुभव शेतमजुरीचा, काही जणी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेल्या. मालक सुरुवातीला थोडे नाराज होते. सुपरवायझर नव्हते, पहिल्या दोन महिन्यांतच टेपिंगचं काम चाकणपेक्षा नीट येऊ लागलं होतं.

निर्णयाचा एक छोटा टप्पा इथे आला आणि तो बरोबर साधला. चाकणच्या धर्तीवर ठेकेदार नेमायचा की थेट कंपनीच्या नावावर घ्यायचं? खर्चाच्या दृष्टीने ठेकेदार सोयीचा. पण बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेला पहिला प्रश्न पगाराचा नव्हता, 'पैसे कुणाच्या खात्यावर येणार' हा होता. थेट भरती झाली, पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यावर, पीएफ पहिल्या महिन्यापासून. गाडीची सोय कंपनीने केली आणि रात्रपाळी लावायची नाही असं ठरलं.

काय झालं

पहिला धक्का ऑक्टोबरमध्ये बसला. सोयाबीनची काढणी सुरू झाली की या भागात गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने, काम घेणाऱ्या टोळीला दिवसाचे जे पैसे मिळतात, त्यापुढे ११ हजारांचा महिना फिका पडतो. घरची काढणी असेल तर पैशाचा प्रश्नच नाही, जावंच लागतं. दहा दिवस हजेरी निम्म्यावर आली. माल वेळेवर गेला नाही, ग्राहकाची लाइन काही तास थांबली आणि त्याची डेबिट नोट, म्हणजे नुकसान आपल्या बिलातून वळतं करण्याचा कागद, आली. मालकांची पहिली प्रतिक्रिया हजेरी बोनस वाढवण्याची होती. त्याने फरक पडला नसता आणि पडलाही नाही.

दुसरी खेप आली वेळअमावस्येला. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं, भज्जी आणि अंबिलाचा बेत असतो, पाहुणे येतात. चाकणच्या सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नव्हता, म्हणून तालुक्याच्या यादीतही नव्हता. त्या दिवशी शेडमध्ये सुपरवायझर, वॉचमन आणि चाकणहून आलेले दोघे, एवढेच होते.

पुढच्या वर्षी यादी बदलली. सणाच्या पगारी सुट्ट्यांतली एक वेळअमावस्येला दिली. काढणीच्या दहा दिवसांत यंत्रांची वार्षिक देखभाल ठेवली, त्याआधी दोन महिने थोडा थोडा साठा करून ठेवला. हे दोन बदल झाल्यावर तालुक्यातली वार्षिक हजेरी चाकणपेक्षा वर गेली आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण चाकणच्या तुलनेत नगण्य राहिलं.

खरं दुखणं दुसरीकडे होतं. क्रिम्पिंगचं ॲप्लिकेटर, म्हणजे प्रेसमधला टर्मिनल दाबणारा साचा, झिजलं की टर्मिनलची दाबलेली उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चुकते, वायर ओढून पाहिली की निसटते आणि अख्खी लॉट रद्द होते. चाकणला असं झालं तर तासाभरात शेजारच्या टूल रूममधून माणूस येतो. तालुक्याहून ॲप्लिकेटर संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पुण्याला पाठवायचं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचं आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत, असा प्रकार सुरू झाला. दोन दिवस प्रेस बंद.

सेटर टिकेना. चाकणहून पाठवलेला सेटर मुलांच्या शाळेचं कारण देऊन काही महिन्यांत परतला. त्याच्या जागी स्थानिक आयटीआयची मुलं शिकाऊ म्हणून घेतली. ती सहा-आठ महिन्यांत तयार झाली, आणि तयार झाली की चाकणला गेली. पगार वाढवून पाहिला. एका क्षणी तालुक्यातल्या सेटरला चाकणच्या सेटरपेक्षा जास्त पगार देऊ केला होता. ज्या जिल्ह्यात पगार कमी म्हणून आलो, तिथेच कुशल माणूस महाग पडू लागला. सोडून चाललेल्या एका मुलाला एचआरने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर, चाकणला कंपनी सोडली तर शेजारच्या गेटवर उभं राहता येतंय. इथं सोडली तर कुठं जाऊ?"

पूर्ण प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या लेखी हेच. त्याला दोन हजार जास्त नको होते. त्याला दुसरा कारखाना हवा होता. ज्या गावी एकच मालक आहे तिथे कुशल कामगार आपलं कौशल्य गहाण टाकत असतो, आणि त्याची किंमत तो पगारात मागतो किंवा निघून जातो. चाकणचा पगार जास्त असण्यात महागाईचा वाटा आहे, तसाच गेटांच्या गर्दीचाही आहे. ज्या गर्दीला मालक कंटाळले होते, तीच त्यांचा सेटर धरून ठेवत होती.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, कटिंग आणि क्रिम्पिंग परत चाकणला हलवलं. आता क्रिम्प केलेल्या वायरी संचाने बांधून टेम्पोने तालुक्याला जातात, जोडणी, टेपिंग आणि पहिली तपासणी तिथे होते, त्याच टेम्पोने तयार हार्नेस परत येतात. वाहतूक वाढली, रद्द होणारा माल त्याहून जास्त घटला. म्हणजे फिरून चौथ्या पर्यायावरच आले, फक्त भाड्याच्या शेडऐवजी स्वतःच्या, कर्ज असलेल्या इमारतीत.

पगारवाढीचं काय झालं, हे या लिखाणाच्या विषयाला धरून सांगायला हवं. तीन वर्षांत तालुक्यातला जोडणी कामगाराचा पगार ११ हजारांवरून साडेचौदा झाला, चाकणच्या ऑपरेटरचा १५ वरून साडेअठरा. टक्क्यांत पाहिलं तर तालुक्यातली वाढ सुमारे ३२ आणि चाकणची २३. कंपनीच्या सादरीकरणात हीच ओळ ठळक अक्षरात आहे: मागास भागात पगार वेगाने वाढला. रुपयांत पाहिलं तर दोघांचे साडेतीन हजारच वाढले आणि मधलं चार हजारांचं अंतर होतं तेवढंच आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पगारवाढीची क्रमवारी पाहताना तळाचे जिल्हे अचानक वर दिसले, तर आधी पाया किती होता ते बघावं.

ही तुलनाही पूर्ण सरळ नाही. तालुक्यातली कामगार बाई आणि चाकणचा ऑपरेटर एकाच बाजारात उभे नाहीत. तिच्यासमोरचा पर्याय चाकण नाही. खुरपणी, काढणी किंवा ऊसतोडीचा हंगाम हा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तेव्हा शेडमध्ये दोन दिवस त्याचीच चर्चा होती. तरी कोणी सोडून गेलं नाही. सहा महिने मुलांना घेऊन पालावर राहण्यापेक्षा संध्याकाळी घरी परतणं त्यांना मोलाचं वाटलं, आणि ते मोल कुठल्याही वेतन तक्त्यात येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा घेता आला असता. आधी भाड्याच्या शेडमध्ये फक्त जोडणी, एक काढणीचा हंगाम आणि एक वेळअमावस्या पार पडू द्यायची, मग प्लॉट आणि यंत्रं. बँकेला प्रकल्प मोठा हवा असतो, हे खरं आहे. पण पहिल्या वर्षी बँकेकडे न जाताही हे जमण्यासारखं होतं.

अनुदानाची रक्कम पहिल्याच वर्षाच्या रोखीच्या हिशेबात धरली होती. अशी रक्कम आधी विक्री, मग करभरणा, मग दावा आणि तपासणी या क्रमाने मिळते. ती आली तेव्हा आनंदच झाला, पण मधल्या काळात खेळत्या भांडवलासाठी चढ्या दराने पैसे उचलावे लागले. अनुदान मिळालं नाही तरी जे टिकतं तेच न्यावं, असं आता मालक स्वतः इतरांना सांगतात.

'कुठल्या जिल्ह्यात पगार कमी' याऐवजी प्रश्न कामाचे तुकडे पाडून विचारायला हवा होता: यातलं कुठलं काम कुठल्या माणसांच्या बाजारात बसतं? जोडणीला हात लागतात आणि हात गावात आहेत. क्रिम्पिंगला टूल रूम लागते आणि टूल रूम गर्दीतच जगते. शिवाय सर्वांत उपयोगी आकडे बाहेर शोधायची गरज नव्हती. कारखान्याचं मस्टर दहा वर्षांचं होतं. कोण कुठल्या गावचा, किती दिवस टिकला, सुट्टी कधी घेतली, ओटी किती केली, सगळं त्यात होतं. ऑक्टोबरातली गैरहजेरी आणि वेळअमावस्येचा खड्डा चाकणच्या मस्टरमध्येही दिसतो. नंतर काढून पाहिलं तेव्हा दिसला. तिथे माणसं मिसळलेली असल्याने तो कधी टोचला नव्हता, इतकंच.

कामगारांना विचारणंही झालं होतं, पण चुकीच्या लोकांना आणि चुकीच्या पद्धतीने. चाकणच्या मुलांना विचारलं, त्यांच्या गावातल्या बहिणी-वहिनींना नाही. शेवटी कारखाना चालवला तो त्यांनीच.

सध्याची स्थिती

त्याच वसाहतीत आता आणखी एक कारखाना येतो आहे, प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारा. त्यालाही यंत्र-देखभालीची माणसं लागणार. बातमी कळल्यावर मालकांचा पहिला फोन एचआरला होता: आपल्या बायका तिकडे जाणार नाहीत ना, हे बघा. दुसरा फोन त्यांनी थेट त्या कारखान्याच्या मालकांना केला. दोघांनी मिळून एक छोटी टूल रूम चालवता येईल का, याची बोलणी सुरू आहेत. खर्चाच्या वाटणीवर गाडी अडली आहे. क्रिम्पिंग परत तालुक्याला न्यायचं की नाही, हा निर्णय तोवर पुढे ढकलला आहे. चाकणच्या एका सेटरने मात्र, त्याचं गाव त्या वसाहतीपासून वीस किलोमीटरवर आहे, नव्या कारखान्याची भरती कधी निघणार अशी चौकशी एचआरकडे केली आहे.